पेशंटचं नाव मन्या

कुत्र्याने घरात घाण केली तर आपण म्हणतो, बिचाऱ्याला आवरलं नसेल. लहान मुलाने केली तर म्हणतो, लहान आहे. मांजराने केली की मात्र थेट त्याच्या हेतूलाच हात घातला जातो. मुद्दाम केलंन मेल्यानं. कशाचा तरी राग काढलान. आणि माझ्याच उशीवर बरं! सुनेच्या उशीवर का नाही? अशा वेळी घरात जी चौकशी समिती बसते तिला पुरावा लागत नाही, साक्षीदार लागत नाहीत. निकाल आधीच लागलेला असतो. आरोपी समोरच्या खुर्चीत बसून पंजा चाटत असतो, आणि तोच त्याचा कबुलीजबाब धरला जातो.

प्राण्यांचे डॉक्टर हेतू विचारत नाहीत, उंची विचारतात. जमिनीवर करतो की भिंतीवर? बसून करतो की उभ्याने? मांजर खाली बसून गादीवर किंवा फरशीवर थारोळं करत असेल, तर त्याची कारणं निराळी. लघवीला जळजळ होत असेल, खडे असतील, नाहीतर मातीचा ट्रे त्याच्या पसंतीस उतरत नसेल. बोका वारंवार कुंथतोय आणि थेंबही येत नाही, असं दिसलं तर लेख खाली ठेवा आणि दवाखाना गाठा. मूत्रमार्ग तुंबला असेल तर उद्यापर्यंत थांबायला वेळ नसतो. पण आमच्या मन्याचं तसं काही नव्हतं. तपासणीत लघवी स्वच्छ निघाली. (ती तपासणीसाठी मिळवली कशी, हा या लेखाचा विषय नाही, आणि आई घरात असेपर्यंत तो होऊही शकत नाही.)

मन्याचा प्रकार उभ्याचा होता. एकदा जवळून पाहिलं की विसरता येत नाही. बोका कपाटापाशी येतो, हुंगतो, वळतो आणि कपाटाकडे पाठ करतो. शेपूट ताठ उभी. तिचं टोक थरथरायला लागतं. मागचे पाय जागच्या जागी तुडवल्यासारखे हलतात. डोळे अर्धवट मिटतात, चेहऱ्यावर कर्तव्यपूर्तीचं समाधान पसरतं आणि मागच्या मागे आडवी, बारीक चिळकांडी सुटते. पाणी चमचाभर. परिणाम तीन खोल्यांत.

यात राग नसतो. हा सातबारा असतो. ही जागा कुणाची, कब्जेदार कोण, शेवटची नोंद कधीची, हे येणाऱ्या-जाणाऱ्या मांजरांना हुंगून कळावं म्हणून केलेला तो लेखी व्यवहार आहे. शाई उडून जाते, म्हणून नोंद पुन्हा पुन्हा करावी लागते. शहरात सातबारा नसतो, प्रॉपर्टी कार्ड असतं, हे मला ठाऊक आहे. पण मन्याची आई मुळशीकडची होती.

आणि त्याला हे दप्तर उघडायची गरज का पडली, तर रीडेव्हलपमेंट. कोथरूडमध्ये राहणाऱ्याला याहून जास्त सांगायला नको. आमची चाळीस वर्षांची इमारत पाडायचं ठरलं, आम्ही दोन गल्ल्या सोडून भाड्याच्या घरात आलो, तळमजल्यावर. सामान बांधताना घरातला प्रत्येक माणूस कशाने ना कशाने हादरला होता. आई देव्हाऱ्याच्या दिशेने, बायको ओट्याच्या उंचीने, अण्णा बिल्डरच्या सहीने. मन्याने काही बोलून दाखवलं नाही. सगळी सोसायटी वाढीव कार्पेट एरियासाठी मीटिंगा घेत असताना त्याने आपला एरिया स्वतःच आखून घेतला. हॉलचं दार, फ्रिजची बाजू, आईचा पूजेचा चौरंग, आणि अण्णांनी जिवापाड जपलेली डेव्हलपमेंट ॲग्रीमेंटची फाइल. त्या फाइलवर सगळ्या सभासदांच्या सह्या होत्याच. आता मन्याचीही झाली.

“पण याचं ऑपरेशन झालंय ना?” हा प्रश्न रानडेकाकूंपासून दूधवाल्यापर्यंत सगळ्यांनी विचारला. झालंय. नसबंदीने हा प्रकार बहुतेक बोक्यांचा थांबतो, हे खरं आहे. पण सगळ्यांचा नाही. कॅलिफोर्नियातल्या डेव्हिस इथल्या विद्यापीठात बेंजामिन हार्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८४ साली यावर लिहून ठेवलंय : नसबंदी झालेल्या बोक्यांपैकी सुमारे दहा टक्के आणि माद्यांपैकी सुमारे पाच टक्के पुढेही फवारत राहतात. म्हणजे दहातला एक. म्हाडाच्या सोडतीत आमचं नाव कधी लागलं नाही. इथे पहिल्याच खेपेला लागलं.

वासाबद्दल दोन शब्द लिहायलाच हवेत, कारण घरी आलेला पाहुणा दुसरं काही बोलतच नाही. मांजराच्या लघवीत फेलिनीन नावाचं एक अमिनो आम्ल असतं. ते ताजं असताना फारसं त्रास देत नाही. पुढे त्याचं विघटन होऊन गंधकयुक्त रेणू सुटतात आणि मग तो सुप्रसिद्ध दर्प उठतो. म्हणजे घटना घडते तेव्हा कुणाला कळत नाही. कळतं तेव्हा आरोपी झोपलेला असतो. गंमत अशी, की याच जातकुळीतले गंधकाचे रेणू सोव्हिन्यों ब्लाँ या द्राक्षाच्या वाइनमध्ये असतात आणि चाखणारे जाणकार ‘मांजराच्या मुताचा हलकासा गंध’ असं चक्क कौतुकाने म्हणतात. नाशिकला हे द्राक्ष होतं, त्याची वाइन होते, आणि आमच्या ओळखीतले लोक शनिवार-रविवारी गाडी काढून, पैसे मोजून, ग्लास गोल गोल फिरवून तो वास नाकात भरून घेऊन येतात. तेच लोक आमच्या हॉलमध्ये आले की खिडकीपाशी उभे राहतात.

आपल्याकडे यावरचा पहिला उपाय म्हणजे फिनाईल. दुसरा उपाय म्हणजे आणखी फिनाईल. दोन्ही वाईट. एक तर मांजराच्या यकृताला फिनॉलसारखी रसायनं निपटता येत नाहीत; त्यासाठी लागणारी यंत्रणा त्याच्या शरीरात जन्मतःच अपुरी आहे. (पॅरासिटामॉलची एक गोळीही मांजराचा जीव घेऊ शकते, ती याच कारणाने.) आणि दुसरं, उग्र वासाने जुनी नोंद झाकली जाते, पण आपली नोंद दिसत नाही म्हटल्यावर बोका ती परत करतो, या वेळी जरा ठळक. लघवीतली द्रव्यं फोडणारं एन्झाइमचं क्लीनर मिळतं, ते वापरायचं. डाग दिसत नसेल तर खोलीत अंधार करून अतिनील किरणांची बॅटरी मारायची, डाग चमकतात. बायकोने ती बॅटरी मागवली आणि एका रात्री दिवे घालवून घर पाहिलं. घरमालकाच्या आधीच्या भाडेकरूंकडेही मांजर होतं, ही माहिती आम्हाला त्या रात्री मिळाली.

चपलेने मारणे, नाक त्यात घासणे, बाथरूममध्ये कोंडणे, हे उपाय सुचवणारे हितचिंतक पुण्यात भरपूर आहेत. मुळात भेदरलेल्या प्राण्याला आणखी भेदरवलं तर तो आणखी सह्या करणार, एवढंच त्यातून साधतं. दुसऱ्या टोकाला फ्रेंच उपाय आहे. मांजर गाल घासून जी प्रेमळ खूण करतं, तिच्यातल्या रसायनाची नक्कल तिथल्या पात्रिक पाझा नावाच्या पशुवैद्याने केली आणि आता ती मच्छरांच्या मशीनसारखी प्लगमध्ये खोचून ठेवता येते. आम्ही खोचली. मन्याने त्या प्लगलाही पाठ दाखवली.

मग डॉक्टर म्हणाल्या, “आपण गोळी सुरू करू. फ्लुऑक्सेटिन.”

“म्हणजे प्रोझॅक?” बायकोने विचारलं. ती इंग्रजी मालिका बघते.

तेच. अमेरिकेत डिसेंबर १९८७ मध्ये माणसांच्या नैराश्यावर मंजूर झालेली, पुढे जगभर गाजलेली गोळी. मांजरांसाठी ती बनवलेली नाही आणि पाकिटावर मांजराचं नावही नसतं. डॉक्टर आपल्या जबाबदारीवर, वजन बघून लिहून देतात. तिच्यापर्यंत पोचायच्या आधी बिचाऱ्या बोक्यांवर बरेच प्रयोग होऊन गेले. आधी स्त्री-संप्रेरकं दिली. फवारे कमी झाले, मधुमेह आणि स्तनांच्या गाठी वाढल्या. मग डायझेपाम आलं. बोके शांत झाले, गोळी थांबवताच जवळजवळ सगळे पुन्हा कामावर रुजू झाले, आणि १९९६ साली काही मांजरांचं यकृत त्याने निकामी झाल्याचं छापून आलं. मग २००१ मध्ये डेव्हिसच्याच मंडळींनी फ्लुऑक्सेटिनची रीतसर चाचणी केली. आठवड्याला सरासरी ८.६ फवारे मारणारी मांजरं दुसऱ्या आठवड्यात १.७ वर आली आणि आठव्यापर्यंत ०.४ वर. शून्य पूर्णांक चार फवारा म्हणजे काय, यावर मी बराच विचार केला आहे. माझ्या मते बोका शेपूट वर करतो, टोक थरथरतं, आणि मग त्याला वाटतं, जाऊ दे. पण मला खरी दया येते ती त्याच चाचणीतल्या दुसऱ्या गटाची. त्यांच्या मांजरांना खोटं औषध होतं. ती माणसं आठवडेच्या आठवडे विज्ञानाच्या नावाने भिंती पुसत, मोजत, लिहून ठेवत राहिली.

मोजदाद आम्हालाही सांगितली होती. डॉक्टर म्हणाल्या, किती वेळा, कुठे, आधी काय घडलं, हे लिहून ठेवा, नाहीतर गोळीचा उपयोग होतोय की नाही हे कळणार नाही. अण्णा पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले. ते उठले, लांबडी वही काढली, पट्टीने रकाने आखले. अनुक्रमांक, दिनांक, वेळ, ठिकाण, शेरा. रीडेव्हलपमेंट सुरू झाल्यापासून पहिल्यांदाच अण्णांच्या हातात असं काम आलं होतं ज्यावर त्यांचा ताबा होता. शेऱ्याच्या रकान्यातूनच गुन्ह्याचं मूळ सापडलं. ‘खिडकीबाहेर भगवा बोका.’ ‘भगवा बोका.’ ‘भ. बो.’ तळमजल्याच्या खिडकीतून रोज सकाळी एक धिप्पाड केशरी बोका आत बघून जात होता आणि त्यानंतर अर्ध्या तासाच्या आत मन्या दप्तर उघडत होता. आम्ही काचेच्या खालच्या भागाला धुरकट कागद चिकटवला. डॉक्टरही म्हणाल्या, नुसत्या गोळीवर भिस्त ठेवू नका, कारणही हटवा, मातीचे ट्रे दोन ठेवा. चौदा बाय दहाच्या हॉलमध्ये दोन ट्रे ठेवून पाहा, म्हणजे कार्पेट एरिया कशाला म्हणतात ते कळेल.

चिठ्ठी घेऊन मी औषधाच्या दुकानात गेलो. माझ्या पुढे एक गृहस्थ होते. त्यांनी खिशातून चार घड्या घातलेला कागद काढला, काउंटरवर पालथा ठेवून बोटाने पुढे सरकवला आणि दुसरीकडे बघत उभे राहिले. पोऱ्याने स्ट्रिप खाकी पाकिटात घातली. पैसे देताना त्यांनी आपणहून सांगितलं, “शेजारच्यांचं आहे.” अशा गोळ्या घेताना सगळे शेजारी एकमेकांची किती काळजी घेतात हे तिथे उभं राहिलं की कळतं.

माझा नंबर आला.

“पेशंटचं नाव?”

“मन्या.”

“पूर्ण नाव सांगा ना काका, रजिस्टरला लागतं.”

मी आडनाव सांगितलं.

“वय?”

“चार.”

पोऱ्याचं पेन थांबलं. मागची रांगही थांबली. चार वर्षांच्या मुलाला डिप्रेशनची गोळी! सगळ्यांच्या नजरा माझ्यावरून फरशीवर गेल्या. कुणाचं तरी घरचं दुःख असेल तेव्हा सुसंस्कृत माणसं जातात तशा.

“बोका आहे,” मी म्हणालो.

आणि एकदम सगळं दुकान मोकळं झालं. “अरे देवा! काय करतो?” “आमच्या भाचीच्या मांजराला पण हेच दिलंय.” “टेन्शन असतं हो त्यांना, बोलता येत नाही ना.” “शिफ्टिंगचं फार मनाला लावून घेतात.” एका काकूंनी रोज किती वेळ त्याच्याशी बोलावं हे सांगितलं. एकाने मला पाठीवर थोपटलं. ज्या गोळीचं नाव माणसासाठी घेताना आवाज खाली जातो, तीच गोळी बोक्यासाठी घेताना मी रांगेतला सगळ्यात लोकप्रिय माणूस झालो होतो. ‘मनाला लावून घेतात’ म्हणणारे तेच गृहस्थ, घरी जाऊन मुलगा म्हणाला की मला हल्ली कशातच रस वाटत नाही, तर त्याला सूर्यनमस्कार घालायला सांगणार. मांजराला मन असतं हे पुण्याने मान्य केलंय. माणसाचं प्रकरण अजून विचाराधीन आहे.

गोळी आणणं सोपं. ती मन्याच्या आत जाणं हा सार्वजनिक कार्यक्रम होता. माणसाच्या मात्रेचा बारीक तुकडा, पण चव कडूजहर. आईने तो पेढ्यात घातला. कुत्र्याने पेढ्यासकट बोटंही खाल्ली असती. मांजराला गोड कळतच नाही. गोडाची चव ओळखायला लागणारं त्याचं एक जनुक निकामी आहे, हे २००५ साली फिलाडेल्फियाच्या संशोधकांनी दाखवलं. आईने ते वाचलेलं नव्हतं, मन्यानेही नव्हतं, पण तो पेढ्याकडे न बघता निघून गेला. मग टॉवेल आला. मन्याला टॉवेलमध्ये गुंडाळायचं, फक्त डोकं बाहेर, बायकोने जबडा उघडायचा, मी जिभेच्या मुळाशी गोळी टाकायची, आईने रामरक्षा म्हणायची. मन्या गिळल्याचा अभिनय करायचा. आम्ही शाबास म्हणायचो. तो सोफ्याखाली जाऊन गोळी थुंकायचा. एकदा गोळी गालात विरघळली आणि त्याच्या तोंडाला एवढा फेस आला की अण्णा घाबरून अँब्युलन्सचा नंबर शोधायला लागले. कानाला चोळायचं मलमही काही ठिकाणी बनवून मिळतं, पण कातडीतून हे औषध तोंडावाटेच्या मानाने फारच थोडं रक्तात पोचतं, म्हणून डॉक्टरांनी तो मार्ग बंद केला. शेवटी कांदा-लसूणसुद्धा चातुर्मासात न शिजणाऱ्या आमच्या घरात एक वेगळा डबा आला, त्यावर ‘मन्या’ अशी चिठ्ठी लागली आणि आत सुका जवळा भरला गेला. जवळ्याच्या चुऱ्यात लपेटलेली गोळी मन्याने विनातक्रार गिळली. आता वासाला दोन स्रोत झाले.

गोळीचा परिणाम लगेच दिसत नाही. मेंदूत सेरोटोनिन थोडं जास्त वेळ रेंगाळतं, आणि त्याचा गुण यायला काही आठवडे जातात. ही झोपेची गोळी नव्हे. सुरुवातीला मन्याची भूक कमी झाली, तो आरशासमोर बसून राहायला लागला. पुन्हा तपासणीला नेलं तेव्हा अण्णा बरोबर आले. वही घेऊन. डॉक्टरांना त्यांनी एकेक प्रश्न विचारला.

“याला सवय लागेल का हो या गोळीची?”

नाही, त्या म्हणाल्या, तशी लागत नाही.

“दिवसभर गुंगी? माणूस… म्हणजे मांजर स्वतःचं राहतं ना?”

राहतं.

“आयुष्यभर घ्यावी लागेल?”

नाही. काही महिने, मग हळूहळू कमी करायची. मनाने एकदम बंद करायची नाही.

“आणि याला कुणी वेडा नाही ना म्हणणार?”

डॉक्टर हसल्या. मन्याला कोण म्हणणार, म्हणाल्या. अण्णांनी सगळी उत्तरं वहीत टिपून घेतली. मला तेव्हा त्यात काही खटकलं नाही. अण्णा इस्त्रीच्या पावतीवरच्या सूचनाही वाचतात.

मन्याच्या नोंदी पातळ होत गेल्या. आधी फ्रिज सुटला, मग चौरंग. भगव्या बोक्याला वॉर्डातल्या एका प्राणिप्रेमी मुलीने पिंजरा लावून नेलं आणि नसबंदी करून आणून सोडलं. तो आता खिडकीत येतो, धुरकट काचेकडे बघतो आणि आपण इथे कशासाठी आलो होतो ते आठवत बसतो. फाइलीचं मात्र काही करता येत नाही. बिल्डरच्या ऑफिसात ती टेबलावर ठेवली की तिथला माणूस खुर्ची मागे घेतो. भाड्याचा चेक उशिरा का आला, या प्रश्नाचं उत्तर हल्ली आम्हाला पूर्वीपेक्षा लवकर मिळतं.

मग आई भिशीचा हिशेब लिहायला कोरं पान शोधत होती. तिने मन्याची वही मागच्या बाजूने उघडली. तिथेही पट्टीने आखलेले रकाने होते. दिनांक. झोप किती वाजता लागली. किती वेळा जाग आली. शेरा. शेऱ्यात लिहिलं होतं, ‘बिल्डरचा फोन.’ ‘बिल्डरचा फोन.’ ‘बि. फो.’ आणि महिन्याभरापासून सगळ्यात उजवीकडे नवा रकाना, ‘गोळी’, त्यात रोज बरोबरची खूण.

आमच्या फॅमिली डॉक्टरांनी गेल्या वर्षी अण्णांना ती लिहून दिली होती. “मी काय वेडा आहे?” म्हणून अण्णांनी चिठ्ठी कपाटात टाकली होती आणि घरात पुन्हा विषय निघाला नव्हता.

“अहो, हे काय?” आईने वही पुढे धरली.

“लिहिलंय की. वाच,” अण्णा पेपरातून वर न बघता म्हणाले. “डॉक्टरांना परत भेटून आलोय. त्यांनी सांगितली तेवढीच घेतो. मन्याला दुसऱ्या महिन्यात फरक पडला, मला पडेल तेव्हा पडेल.”

आई काही बोलली नाही, आत गेली. अण्णांनी पेपर खाली केला आणि तिला ऐकू जाईल अशा बेताने म्हणाले,

“आणि मी पाण्याबरोबर गिळतो. कुणी टॉवेल घेऊन यायची गरज नाही.”